एक नग कमी

अमेय नावाचा तो मुलगा वन-नॉर्थहून ऑफिस सुटल्यावर, दोनदा गाडी बदलून, सिंगापूरच्या भर पावसात चोआ चू कांगला आला होता, तोही कुळथाच्या पिठासाठी. दाराशी छत्री झटकून त्याने फोनच काउंटरमागच्या उद्धवपुढे धरला.

"काका, ऑर्डर तयार आहे ना? दुपारीच टाकली होती, दुकानात येऊन घेणार म्हणून."

उद्धवने पिठांच्या फळीवर हात घातला. ज्वारी होती, नाचणी होती, भाजणी होती. कुळथाच्या जागी नुसती किमतीची पट्टी. त्याने दुकानात कामाला असलेल्या मधुमतीबाईंना हाक मारली. त्यांनी शिडी लावून वरचे खोके उतरवले, गुडघे टेकून खालची फळी चाचपली आणि नाही म्हणून मान हलवली. अमेय तोवर चष्मा पुसत उभा होता.

"संपलेलं दिसतंय," उद्धव म्हणाला.

"पण ॲपवर एक शिल्लक दाखवत होतं. ते बघूनच तर आलो."

"चुकून राहिलं असेल."

"हरकत नाही," असं अमेय म्हणाला खरा, पण म्हणताना मान लांब करून त्याने काउंटरच्या खाली पाहिलं. ओळखीच्या कुणासाठी तिथे पाकीट दडवलंय की काय, हे त्याला बघायचं होतं. उद्धवच्या ते लक्षात आलं आणि त्याचे कान तापले. पंधरा वर्षं शिपयार्डात घाम गाळला, नऊ वर्षं हे दुकान चालवलं, आणि कालच्या पोराने आपल्या काउंटरखाली डोकावावं!

अमेय गेला आणि पाठोपाठ फोन वाजला. ॲपवाल्यांची सूचना होती. माल नसताना विकायला दाखवल्याची या महिन्यातली ही दुसरी वेळ. तिसऱ्यांदा असं झालं तर दुकान महिनाभर यादीतून काढलं जाईल. गणपती सोळा दिवसांवर आले होते.

पूर्वी असलं काही नव्हतं. फळी रिकामी दिसली की गिऱ्हाईक हळहळायचं, दुसरं काहीतरी घ्यायचं आणि जायचं. पण राहत्या इमारतीच्या ब्लॉकखालच्या या चिमुकल्या दुकानापर्यंत येऊन येऊन येणार किती जण? म्हणून पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या गार्गीने, उद्धवच्या लेकीने, दुकान ऑनलाइन नेलं. जुलैपासून तर तिने काउंटरवरचं मशीन आणि ॲप एकमेकांना जोडूनच टाकलं. आलेल्या मालाचे आकडे ती बिलावरून भरायची. मग इथे एक पाकीट विकलं की तिकडचा आकडा आपोआप उतरायचा. पार बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या पासिर रिसपासून ऑर्डरी येऊ लागल्या. आता निम्मा माल फोनवरून जात होता. ते गिऱ्हाईक ऐन गणपतीत तुटलं, तर पुन्हा जमवायला वर्ष गेलं असतं.

बुधवारी सकाळी दुकान उघडण्याआधी गार्गीने एकेक फळी मोजली. विभा, तिची आई, कागदावर लिहीत होती. पंखा गरम हवा ढवळत होता. मसाले झाले, चटण्या झाल्या, पिठं झाली. दहाव्या वस्तूनंतर गार्गीचा आवाज बदलला.

"बाबा, एव्हरीथिंग इज शॉर्ट बाय वन. एक्झॅक्टली वन."

"म्हणजे?"

"ॲपमध्ये नऊ, फळीवर आठ. ॲपमध्ये चार, इथे तीन. सगळीकडे एकच कमी. सो विअर्ड."

उद्धवने स्वतः पुन्हा मोजलं. मेतकूट एक कमी. शेंगदाण्याची चटणी एक कमी. गोडा मसाला एक कमी. गार्गीने ॲपमधले आकडे तिथल्या तिथे फळीप्रमाणे केले. उंदीर म्हणावा तर पाकीट फाडेल, हिशेबाने एकेक उचलणार नाही. गिऱ्हाईक म्हणावं तर महागाची काजूची पाकिटं सोडून लसणाच्या चटणीपाशी कशाला थांबेल?

"मी सांगू?" विभा कागद घडी घालत म्हणाली. "हे बाहेरच्याचं काम नाही. घरात लागेल तेवढंच आणि कुणाला कळणार नाही इतकंच नेलंय. सगळी चव ठाऊक असलेलं कुणीतरी आहे."

नाव घ्यायची गरज नव्हती. दुकानात चौथं माणूस एकच होतं.

मधुमतीबाई मंगळवेढ्याकडच्या. त्यांचा नवरा उद्धवबरोबर शिपयार्डात सुपरवायझर होता. चार वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा उद्धवनेच त्यांना दुकानात बोलावलं. पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, होती म्हणून इथे राहता आलं, पण इंग्रजी जेमतेम. दुसरीकडे काम मिळणं अवघड. लेक जाई माध्यमिक शाळेत होती. दुकानातला पगार आणि सणावारी मराठी घरांतून येणारी स्वयंपाकाची कामं, यावर मायलेकींचं चाललं होतं. त्या कामांना जाहिरात लागत नसे. एका बाईने दुसरीला सांगायचं, "बाई खात्रीची आहे," आणि दुसरीने दार उघडायचं.

"मधुमतीबाई? छे!" उद्धव म्हणाला.

"मी कुठे नाव घेतलं? पण परवाच त्या म्हणत होत्या, जाईला मेतकूट-भाताशिवाय काही लागत नाही. आणि रोज ती एवढी मोठी कापडी पिशवी कशाला लागते हो?"

या वेळी उद्धवने छे म्हटलं नाही. तिथेच शंकेला जागा मिळाली. चार वर्षं जी पिशवी कुणाला दिसली नव्हती, ती त्या दिवसापासून तिघांनाही दिसू लागली. मधुमतीबाई मागच्या खोलीत जास्त वेळ थांबल्या की विभा काहीतरी घ्यायच्या निमित्ताने आत जाऊन यायची. त्या फोनवर हळू बोलल्या की उद्धव हातातलं काम थांबवायचा. आणि विचारलं मात्र कुणीच नाही. विचारायला तोंड लागतं. संशयाला नुसते डोळे पुरतात.

दुपारी पासिर रिसच्या नीलिमाचा फोन आला. तिच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो आणि मोदक करायला दरवर्षी मधुमतीबाई जातात. बोलता बोलता विभा म्हणाली, "बोलवा हो, खुशाल बोलवा. फक्त जरा लक्ष असू द्या. नाही, तसं काही नाही. आमच्याकडे सध्या एकेक वस्तू कमी होतेय, एवढंच." एवढंच म्हणून तिने फोन ठेवला आणि डाळ निवडायला बसली.

त्याच दिवशी उद्धवने दारावर कॅमेरा बसवून घेतला. एक डोळा फळ्यांकडे, एक मागच्या खोलीच्या दाराकडे. "इन्शुरन्सवाल्यांनी सांगितलंय," तो कुणी न विचारताच म्हणाला. मधुमतीबाई खालून शिडी धरून उभ्या होत्या. त्यांनीच स्क्रू हातात दिले.

गुरुवारी गणपतीचा माल आला. लॉरीवाल्याने सव्वीस खोके ब्लॉकच्या फुटपाथवर उतरवून दिले आणि कागदावर सही घेऊन तो गेला. आभाळ भरून आलं होतं, पाऊस मात्र पडत नव्हता. अंगाला सदरा चिकटत होता. उद्धव आणि मधुमतीबाई ट्रॉलीवर तीन-तीन खोके रचून आत नेऊ लागले. उंबऱ्याशी चाक अडकायचं. मग त्या पुढून ओढायच्या आणि तो मागून रेटायचा. आठव्या फेरीला उद्धवच्या कमरेत उसण भरली. "भाऊ, तुमी बसा, म्या आनते," म्हणत त्यांनी उरलेले खोके एकेक करून पोटाशी धरून आणले. त्यांच्या कोपरांना पुठ्ठ्याने ओरखडे उठले.

मग खोके फोडायचं काम. उद्धव सुरीने पट्टी कापायचा, वरचं पहिलं पाकीट कपाळाला लावून बाजूला द्यायचा, मग बाकीची मधुमतीबाई फळीवर लावायच्या. जुनी मागची पुढे, नवी मागे. शेजारच्या कॉफीच्या टपरीवरून कपबशांचा आवाज येत होता. रिकामे पुठ्ठे दाबून त्यांनी दाराशी ठेवले. पुठ्ठे गोळा करणारी चिनी आजी ते आपल्या हातगाडीवर घालून घेऊन गेली. विभा काउंटरवर बसून बोटं मोजावीत तशी पाकिटं डोळ्यांनी मोजत होती. एरवी माल लावताना मधुमतीबाई गावाकडच्या बाजाराच्या गमती सांगायच्या. आजही दोनदा त्यांनी सुरुवात केली, पण ऐकायला कुणी मान वर केली नाही, तेव्हा त्या पुढच्या खोक्याकडे वळल्या.

पाच वाजता गार्गी आली. तिने बिलावरून आकडे ॲपमध्ये भरले आणि स्कॅनर घेऊन फळ्यांवरून फिरली.

"अगेन," ती बापाच्या कानाशी लागली. "चोवीस आलेत, तेवीस आहेत. सगळं सेम."

म्हणजे आजच. आपल्या डोळ्यांदेखत! सहा वाजता मधुमतीबाईंनी ॲप्रन खुंटीला लावला, पिशवी खांद्याला अडकवली आणि "येते हं वैनी" म्हणाल्या. विभाने नवऱ्याकडे पाहिलं. आता नाही तर कधी?

"मधुमतीबाई," उद्धव म्हणाला, "राग मानू नका. दुकानाचा नवीन नियम केलाय. जाताना पिशवी दाखवून जायची. सगळ्यांनी."

"सगळ्यांनी" म्हणजे कोणी, हे त्यालाही माहीत नव्हतं. मधुमतीबाईंनी खांद्यावरची पिशवी उतरवली. ती त्यांनी काउंटरवर ठेवली आणि स्वतःच एकेक वस्तू काढली. रिकामा डबा. बीपीच्या गोळ्या. छत्री. जाईच्या शाळेचं पत्र. घडी घातलेला टॉवेल. वाणसामान घ्यायला दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती कडधान्यांकडे तोंड करून पाकिटांवरचं वाचत असल्यासारखी थांबली. विभाने टॉवेलच्या घडीवर हाताचा पंजा दाबून पाहिला. आत काही नव्हतं.

"झालं?" मधुमतीबाईंनी विचारलं.

"झालं," उद्धव म्हणाला. त्याला त्यांच्याकडे बघवलं नाही. विभाला मात्र वाटलं, पिशवीत नाही म्हणजे बाई सावध झाली.

शुक्रवारी त्या वेळेवर आल्या. डोळे सुजलेले होते. दहाच्या सुमारास त्यांचा फोन वाजला. "बरं ताई... बरं... आसू दे की," इतकंच त्या बोलल्या आणि फोन ठेवून पुन्हा शेंगदाणे निवडायला लागल्या. नीलिमाने यंदा मोदक बाहेरून मागवायचं ठरवलं होतं. तासाभराने आणखी एका घरून तसाच फोन आला. दुसरा फोन ठेवल्यावर मात्र शेंगदाण्याचं ताट मांडीवर घेऊन त्या निवडलेलेच दाणे पुन्हा निवडत राहिल्या.

दुपारी कॉलेज नव्हतं म्हणून गार्गी काउंटरवर लॅपटॉप उघडून कॅमेऱ्याचं चित्रण बघत होती. विभा मागे उभी होती. खोके आत येताना दिसले, पुठ्ठे दिसले. आणि एकदम विभा ओरडली, "थांबव! हे बघा, अहो, इकडे या!"

पडद्यावर मधुमतीबाई भाजणीचं पाकीट हातात घेऊन मागच्या खोलीत चालल्या होत्या. रिकाम्या हाताने परत आल्या. थोड्या वेळाने चटणी घेऊन गेल्या. मग मेतकूट, मग कुळथाचं पीठ. प्रत्येक खेपेला एकच पाकीट.

"सापडलं!" विभाने पडद्यावर बोट ठेवलं. "मधुमतीताई, जरा इकडे या."

त्या ओले हात ॲप्रनला पुसत आल्या. पडद्यावर स्वतःला बघून थोडं नवल वाटल्यासारखं झालं त्यांना.

"ही मीच की."

"हातात काय आहे?"

"भाजनी हाय."

"कुठे नेताय ती?"

मधुमतीबाईंनी विभाकडे पाहिलं. कालची पिशवी, सकाळचे फोन आणि हा प्रश्न एकाच माळेचे आहेत, हे त्यांना आता कळलं. चेहऱ्यावरचं नवल गेलं.

"भाऊ, तुमीच सांगा की, कुठं न्हेतीय ती."

"मी काय सांगणार?" उद्धव म्हणाला.

"गार्गी, जरा मागं घे, बाळ. माझ्या हातात यायच्या आदी ते पाकीट कुनाच्या हातात हाय, बघ."

गार्गीने मागे घेतलं. पडद्यावरच्या उद्धवने सुरीने पट्टी कापली, वरचं पाकीट काढलं, कपाळाला लावलं आणि मधुमतीबाईंच्या हातात दिलं. देताना त्याचे ओठ हलले.

"ह्याला आवाज न्हाई व्हय?" मधुमतीबाई म्हणाल्या. "मग भाऊच सांगतील. काय म्हनताय तिथं?"

उद्धवने पडद्यावरचे आपले ओठ पाहिले. त्याचे आजोबा गुऱ्हाळ चालवत. पहिली ढेप काहिलीवरून थेट खंडोबापुढे जाई. बापाचं किराणा दुकान होतं, तिथेही तेच. याने सातासमुद्रापलीकडे दुकान टाकलं तरी प्रत्येक खोक्यातला पहिला नग मागच्या खोलीतल्या देवाच्या फळीवरच जात आला होता. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. जो नग विकायचाच नाही, तो कमी झाला असं त्याच्या डोक्यात कधी यावं कसं? नऊ वर्षं कुणाचं काही बिघडलंही नव्हतं, कारण तेव्हा फळी संपली की माल संपत असे. बिलावरचे चोवीसच्या चोवीस विकायला मांडणारं ॲप आता आलं होतं.

"हा देवाचा," तो म्हणाला. "असं म्हणतोय मी."

गार्गी मागच्या खोलीत जाऊन आली. देवाच्या फळीवर कालची पाकिटं ओळीने मांडलेली होती, प्रत्येकावर कुंकवाचं बोट.

"ओके. बट व्हेअर डू दे गो? देवापुढून पुढे कुठे जातात?"

विभाने पदराने कपाळ पुसलं. उत्तर मधुमतीबाईंनी दिलं. "दर शुक्रवारी तुजी आई घरी न्हेती, परसाद म्हनून. पिशवी मीच भरून देती."

"म्हणजे कुळीथ पीठ..." गार्गी आईकडे वळली. "रविवारी पिठलं केलंस तू. आई, वी एट इट! त्या अमेयचं पाकीट आपणच खाल्लं!"

विभा स्टुलावर बसली. "मधुमतीताई, तुम्ही आधीच सांगायचंत ना हो."

"काय सांगायचं?" मधुमतीबाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "काय कमी पडतंय, किती कमी पडतंय, मला इचारलं कुनी? चार वर्सं हितं राबतीया. एकदा म्हनायचं, मधुमती, एक पाकीट कमी भरतंय, कुठं गेलं बघ. म्या त्याच मिनिटाला सांगितलं आस्तं. तुमी इचारलं न्हाई. तुमी टावेल दाबून बगितला."

"चुकलं आमचं," उद्धव म्हणाला. "माफ करा."

"नीलिमाताईंला कुनी सांगितलं?"

विभाची मान खाली गेली. "मी आत्ता फोन करते त्यांना. आत्ता, तुमच्यासमोर."

"फोन नगं. आन् माफी बी नगं. माफी मागताय हितं, चौघांच्या मदी. नाव घालवलं ते साऱ्या मराठी मंडळीत. आईतवारी त्या सगळ्या येतात का न्हाई सामान न्यायला? त्यांच्या फुडं सांगायचं. तवर म्या काम करती. न्हाई सांगितलं तर सोमवारपासनं येत न्हाई."

त्या संध्याकाळी गार्गीने ॲपमधल्या सगळ्या आकड्यांतून एकेक वजा केला. दहा मिनिटांचं काम होतं. देवापुढची पाकिटं मात्र विभाला घरी नेववेनात. तशीच राहिली.

शनिवारभर उद्धव मनाशी वाक्यं जुळवत होता. मालाच्या नोंदीत गडबड झाली होती, असं म्हणावं? गिऱ्हाइकासमोर दुकानदाराने आपल्या दुकानातला घोळ सांगायचा म्हणजे उद्या कोण विश्वासाने ऑर्डर देणार? आणि विभाची चुगली उघडी पडणार ती वेगळीच. "थोडक्यात आटपा," विभा दोनदा म्हणाली. तिची भीती त्याला कळत होती. तो स्वतःही तेवढाच भ्याला होता.

रविवारी अकरापर्यंत दुकान भरलं. ऑनलाइन ऑर्डरींच्या पिशव्या नावाच्या चिठ्ठ्या लावून ओळीने ठेवल्या होत्या. मधुमतीबाई फोनवरचा नंबर बघून ज्याची त्याची पिशवी देत होत्या. नीलिमा आली. पर्स काउंटरवर ठेवून तिने फोन पुढे केला. मधुमतीबाईंनी तिची पिशवी शोधली, पण हातात दिली नाही. त्यांनी उद्धवकडे पाहिलं.

उद्धव उठून उभा राहिला. "मंडळी, एक मिनिट," तो म्हणाला. दहा-बारा माना वळल्या. "आमच्या मालात काही दिवस एकेक वस्तू कमी येत होती. त्यावरून मधुमतीबाईंबद्दल काही बोललं गेलं. तसं काही नव्हतं. नोंदीत चूक झाली होती."

"कुनाची?" मधुमतीबाईंनी विचारलं.

उद्धवने विभाकडे पाहिलं, मग समोर.

"माझी," तो म्हणाला. "प्रत्येक खोक्यातला पहिला नग मीच देवापुढे ठेवायला सांगत होतो. तो आमच्याच घरी जात होता. आम्हीच खाल्ला, आणि आळ या बाईवर घेतला. पिशवी तपासली यांची. यांनी कधी एक दाणा नेलेला नाही."

विभा काउंटरमागून पुढे आली. "आणि फोनवर मी सांगितलं होतं," ती म्हणाली.

मग नीलिमाच मोकळेपणाने हसली. "अय्या, एवढंच होय! देवाने खाल्लं म्हणायचं! अहो मधुमतीताई, मी मुळी मनावर घेतलंच नव्हतं हं. मग या तुम्ही गणपतीला. मोदक तुमच्याच हातचे हवेत." बोलता बोलता तिचा हात काउंटरवरच्या पर्सकडे गेला. तिने पर्स जवळ ओढली, चेन लावली आणि काखेत घट्ट धरली. तिच्या ध्यानीमनीही नसावं ते.

विभाने ते पाहिलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मधुमतीबाईंनीही पाहिलं. त्यांनी नीलिमाची पिशवी तिच्या हातात दिली.

"येती की ताई, न येऊन कसं चालंल? फकस्त म्या यायच्या आदी घरातलं सगळं मोजून ठेवा, आन् जाताना म्होरं बसून पुन्यांदा मोजा."

"अहो, काहीतरीच काय बोलता!" नीलिमा म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण पर्स तिने सोडली नाही.

मधुमतीबाई पुढच्या माणसाकडे वळल्या आणि त्याचा नंबर विचारला.